'चिमणीच्या दातांनी' म्हणतो खरं, पण चिमणीचे दात असतात कुठे?

गच्चीवरची_आजी · रविवार, सकाळी ७:५२

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी उचलून योग्य जागी ठेवावा.

परवा नातीची मैत्रीण खेळायला आली. घरात पेरू एकच. म्हणून तिच्याच फ्रॉकच्या टोकात गुंडाळून चिमणीच्या दातांनी तोडून दोघींना दिला. आमच्या लहानपणी बोरं, चिंचा, गुळाचा खडा, सगळं असंच वाटलं जायचं. मध्ये फडकं असलं की उष्टं होत नाही. पेरू संपवून नात (वय सहा) म्हणाली, "आजी, चिमणीला दात असतात?" म्हटलं, नसतात गं. "मग ती ज्वारी चावते कशानी?" चावत नाही, गिळते. "अख्खी? मग पोटात टोचत नाही?" इथे आजीचं ज्ञान संपलं.

दुसरी गोष्ट बरेच दिवस डोक्यात आहे. आमचं इंदूरच्या रामबागेतलं घर जुनं, सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. मागची भिंत घाणीत (चुना मळायच्या बैलाच्या चक्कीत) मळलेल्या चुन्याची. तिला चिमण्या टोकरतात. बसतात, मान वाकडी करून दोनचार टोचे मारतात, उडून जातात. एके ठिकाणी करंगळी जाईल एवढी खोबण झाली आहे. गच्चीवर ज्वारी, बाजरी, कणी, पाणी सगळं ठेवते. तरी भिंत खातात! धाकटे दीर म्हणतात, दाणे दळायला त्यांना खडे लागतात. शेजारचे म्हणतात, घरट्याची जागा करून राहिल्या आहेत. खरं कुणाचं?

---

भुट्टे_का_कीस · रविवार, सकाळी ८:१०

पयला नंबर!

आजी, इंदूरची चिमणी आहे ती. दाण्यावर शेव नाही भुरभुरली तर भिंतच खाणार ना.

---

पुण्यातला_पाहुणा · रविवार, सकाळी ८:३१

रविवारी सकाळी सकाळी जिलबी पाडलीत म्हणायची.

---

गच्चीवरची_आजी · रविवार, सकाळी ८:४०

पाडली तर पाडली. आमच्याकडे रविवारी पोह्यांबरोबर जिलबी लागतेच.

---

खडू_फळा · रविवार, सकाळी १०:०५

आजी, प्रश्न अगदी मोक्याचा. ३१ वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, त्यामुळे जरा लांबण लागेल. चहा घेऊन बसा.

पाखरांना दात नाहीत, पण दळण होतं. फक्त ते तोंडात होत नाही, पोटात होतं. घास खाली उतरला की बऱ्याच पाखरांत गळ्याच्या बुडाशी एक पिशवी लागते. पाठ्यपुस्तकात तिला अन्नपुट म्हणतात. संध्याकाळी कबुतराचा गळा पुढून टम्म दिसतो तो हिच्यामुळे. इथे दाणा नुसता थांबतो, भिजतो, मऊ पडतो. उघड्यावर टिपत बसलं की मांजर, शिक्रा टपलेले असतात. तेव्हा भराभर भरून घ्यायचं आणि निवांत फांदीवर बसून पुढे ढकलायचं.

त्यापुढे जठर, आणि तेही दोन खोल्यांचं. पहिल्या खोलीत हायड्रोक्लोरिक आम्ल आणि प्रथिनं फोडणारा रस सुटतो. दुसरी खोली म्हणजे पेषणी. जाडजूड स्नायूंची, आतून खरखरीत, चिवट अस्तराची. हे अस्तर पेषणी स्वतःच पाझरवते आणि वरचा थर झिजला की खालून नवा येतो. पेषणीत पाखराने गिळलेले बारीक खडे असतात. स्नायू आवळले की खडे आणि दाणे एकमेकांवर घासतात, पीठ होतं.

गंमत बघा. आपल्याकडे आधी चावणं आणि मग आम्ल. त्यांच्याकडे आधी आम्ल आणि मग चावणं. तेही एकदाच नाही. पेषणी आवळली की थोडा लगदा उलटा पहिल्या खोलीत जातो, रस पिऊन परत दळायला येतो. ओलं दळण आहे हे, डोशाच्या पिठासारखं.

वर्गात मी 'जात्यातले रडतात, सुपातले हसतात' ही म्हण फळ्यावर लिहायचे. अन्नपुट म्हणजे सूप, पेषणी म्हणजे जातं. एका वर्षी अख्ख्या वर्गाने परीक्षेत हेच उत्तर लिहिलं आणि तपासणाऱ्याने सगळ्यांचे गुण कापले. मला अजून राग आहे.

आणि खडे गुळगुळीत झाले की? जात्याला आपण टाकी लावून घेतो. पाखरू टाकी लावत नाही, खडाच बदलतं. झिजलेले बारीक होऊन विष्ठेतून जातात, नवे कोनदार टिपले जातात.

दातांचं म्हणाल तर पूर्वी होते. पाखरांच्या पूर्वजांना चांगले अणकुचीदार दात होते. दातावरचं लुकण घडवणारी जनुकं आजच्या पाखरांत मोडक्या अवस्थेत पडून आहेत. ती कधी बंद पडली याचा हिशोब २०१४ मध्ये मांडला गेला, तो येतो सुमारे ११ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. तेव्हा नातीला सांगा, चिमणीचे दात हरवले आहेत, आणि तिने पोटात दगडांची कवळी बसवून घेतली आहे.

---

मालवणी_मसाला · रविवार, सकाळी ११:२२

बाई, वाखूसा (वाचनखूण साठवली)!

शाकाहारी मंडळींनी हा प्रतिसाद ओलांडून पुढे जावं. आम्ही ही पेषणी दर बुधवारी हातात धरतो. तिला पेटा म्हणतात. कलेजी-पेटा मागितला की खाटीक तीच देतो. गावठी कोंबडीचा पेटा उभा चिरला की आत वाळू, खडे, विटेचे कण, एकदा तर काचेच्या बांगडीचा तुकडा निघाला, कडा अशा गोल झालेल्या जणू सोनाराने घासल्यात. आतली पिवळी कातडी नखाने उचकटली की एका ओढीत सोलून येते. ती ठेवली तर रस्सा कडू होतो. ब्रॉयलरचा पेटा मात्र मऊ, लहान, खडा एक नाही. शिजतोही चटकन. असं का?

---

भुट्टे_का_कीस · रविवार, सकाळी ११:३०

आमच्या इकडे पोटा म्हणतात. खजराण्याकडचे एक चाचा संगदाना म्हणायचे.

---

खडू_फळा · रविवार, सकाळी ११:४८

संगदाना! 'संग' म्हणजे फारसीत दगड. सगळं शरीरशास्त्र त्या एका शब्दात आलं. युनानी औषधांत कोंबडीच्या पेषणीची ती पिवळी कातडी वाळवून पोटाच्या तक्रारींवर देतात, 'पोस्त संगदाना मुर्ग' या नावाने.

---

गुरांचा_डॉक्टर · रविवार, दुपारी १:१५

मालवणी, ब्रॉयलरचं सांगतो. त्याला आयुष्यभर दळलेलं खाद्य मिळतं, दळायला काही उरतच नाही. पेषणी हा स्नायू आहे, काम नाही तर वाळतो. भरड दाणा, तूस घातलं की त्याच जातीच्या कोंबडीची पेषणी चांगली वाढते. झाबुआकडे कडकनाथ रानोमाळ हिंडून खाणारा. त्याचा पोटा कापून बघा, खडेच खडे. (कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून इंदूरात जो तो कोंबडी काळी करून विकायला बसलाय, जपून घ्या.)

कोंबडीच्या पोटाला स्टेथोस्कोप लावला तर दळण ऐकू येतं. मिनिटाला साधारण दोन ते चार फेऱ्या. ओल्या वाळूत चप्पल घासल्यासारखा आवाज.

आता आजींची भिंत. मला वाटतं, दीरही चूक आणि शेजारीही चूक. पण आधी तीन गोष्टी सांगा. टोकरायला चिमण्या येतात की चिमणे? दिवसाच्या कुठल्या वेळी? आणि वर्षभर की ठरावीक महिन्यांत?

---

पुण्यातला_पाहुणा · रविवार, दुपारी १:४०

एक शंका. जठरात आम्ल आहेच, मग दाणा आम्लाने विरघळतो की दळून, हे ठरवलं कुणी आणि कसं? खडे सापडले म्हणजे खड्यांनी दळलं, हा काही पुरावा नव्हे. माझ्या भाचीच्या पोटात नाणं सापडलं होतं.

---

खडू_फळा · रविवार, दुपारी ४:२०

पाहुण्यांनी आज पहिल्यांदा कामाचा प्रश्न विचारला. 🙂

अगदी याच वादावर शंभर वर्षं घालवली युरोपातल्या लोकांनी. पचन म्हणजे दळण की पचन म्हणजे रस, असे दोन तट होते. फ्रान्समधल्या रेओम्यूरने एक घार पाळली होती. घारीची खोड अशी की जे पचत नाही त्याचा गोळा करून ती ओकून टाकते. त्याने धातूची नळी घेतली, दोन्ही तोंडांना जाळी लावली, आत मांसाचा तुकडा ठेवला आणि नळी घारीला गिळवली. नळीच्या आत काही दळलं जाणं शक्य नाही, रस मात्र जाळीतून शिरू शकतो. नळी बाहेर पडली तेव्हा मांस बरंचसं विरघळलेलं. म्हणजे घारीत रस. मग तसल्याच नळ्या टर्कीला दिल्या, तर त्या चेपून, मुरगाळून निघाल्या! म्हणजे दाणे खाणाऱ्यात दळण. दोन्ही तट अर्धे अर्धे बरोबर. साल १७५२.

पुढे इटलीतल्या स्पालान्झानीने शिशाच्या गोळीत सुया खोचून टर्कीला चारल्या. (आज असं केलं तर तुरुंगात जाईल, आणि जायलाच हवं.) सुयांची टोकं मोडली, पेषणीला ओरखडा नाही. एवढं बघून हा गृहस्थ म्हणाला काय, तर खड्यांची काही गरज नाही, पाखरं अडाणीपणाने दाण्याबरोबर खडे गिळतात.

---

गुरांचा_डॉक्टर · रविवार, संध्याकाळी ५:०२

आणि तोही निम्मा बरोबर होता. पिठाळ खाद्यावर कोंबडी एका खड्याशिवाय मजेत जगते. अख्खा दाणा चारला तर मात्र खडा असला की पचन सुधारतं.

---

गच्चीवरची_आजी · रविवार, संध्याकाळी ७:३५

डॉक्टरसाहेब, तुमच्या प्रश्नांनी मला कामाला लावलं. आज चार वाजल्यापासून मागच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले. नात वही घेऊन.

येतात त्या बहुतेक चिमण्याच. गळ्याखाली काळा डाग असलेला चिमणा एकदाच आला, तोही बायकोच्या मागे मागे. वेळ म्हणाल तर ऊन उतरल्यावर, पाच ते साडेसहा. सकाळी पूजेची फुलं काढायला मी तिथेच असते, तेव्हा क्वचित. आणि महिने? होळीच्या आधीपासून पावसापर्यंत. दिवाळीत भिंत टोकरताना पाहिल्याचं आठवत नाही. हे आज लिहितानाच लक्षात आलं माझ्या.

---

गुरांचा_डॉक्टर · रविवार, संध्याकाळी ७:५०

वाटलंच होतं. आजी, तुमच्या चिमण्या दात घ्यायला येत नाहीत, डोहाळे पुरवायला येतात!

दळायला खडा नराला लागतो तसा मादीला, सकाळी लागतो तसा संध्याकाळी. फक्त माद्या, फक्त विणीच्या दिवसांत आणि फक्त सांजवेळी येतात म्हणजे त्यांना चुना हवाय. अंड्याचं कवच रात्री बनतं. चिमणी रोज पहाटे एक याप्रमाणे चार-पाच अंडी घालते. एवढ्याशा जिवाच्या हाडांत एवढा साठा कुठून असणार? रात्री कवच घडणार म्हणून संध्याकाळी चुना पोटात हवा. लेअर कोंबड्यांना आम्ही शिंपल्यांचा, चुनखडीचा चुरा दुपारनंतर देतो तो याचसाठी. कोंबडीच्या एका कवचात जवळजवळ २ ग्रॅम कॅल्शियम जातं.

घाणीच्या चुन्याची जुनी भिंत म्हणजे चुनखडी आणि वाळू एकत्र. चुनखडी आम्लात विरघळून अंड्याला जाईल, वाळू थोडी जात्यात राहील. दीर हरले असं मी म्हणणार नाही, त्यांना दहापैकी तीन.

---

टिबुकली · रविवार, रात्री ९:१०

याला जोडून. नेदरलँड्समध्ये आम्लवर्षावाने जंगलातल्या मातीतला चुना गेला, गोगलगायी कमी झाल्या, आणि गोगलगायींचे शंख खाणाऱ्या वल्गुली पक्ष्यांची (आपल्या रामगंगेचे भाऊबंद) अंडी पातळ कवचाची निघायला लागली. १९९० च्या दशकातलं संशोधन. तिथेही माद्या संध्याकाळीच शंखाचे तुकडे शोधायच्या.

इंदूरात आता सगळीकडे सिमेंट आणि टाइल. साफसफाईत नंबर आला हे छानच, पण मातीचा उघडा तुकडा औषधाला मिळत नाही. आजींच्या भिंतीला सगळ्या मोहल्ल्याच्या चिमण्या येत असतील.

---

रोजचा_रवी · सोमवार, सकाळी ६:१२

तांदळाची कणी घालता? लगेच बंद करा. कच्चा तांदूळ पक्ष्यांच्या पोटात फुगतो आणि पोट फुटून पक्षी मरतात. व्हॉट्सअॅपवर आलंय, डॉक्टरांचा व्हिडिओ आहे.

---

खडू_फळा · सोमवार, सकाळी ९:००

रवीराव, असं असतं तर भातशेतीच्या बांधावर मुनियांच्या स्फोटांचे आवाज आले असते. आणि आपल्या लग्नांत अक्षता पडतात, कार्यालयाबाहेर कबुतरं त्या टिपतात, त्यांची पुढच्या मुहूर्ताला परत हजेरी असते.

ही अफवा अमेरिकन आहे. तिकडेही वधूवरांवर तांदूळ उधळतात. १९८५ मध्ये कनेक्टिकट राज्यात तांदूळ उधळण्यावर बंदी आणायचं विधेयकसुद्धा मांडलं होतं. कच्चा तांदूळ फुगायला वेळ लागतो, आणि पेषणीत गेल्यावर त्याला फुगायला कोण सोडतंय! त्याचं पीठ होतं.

---

गुरांचा_डॉक्टर · सोमवार, सकाळी ९:२५

तांदूळ चालेल. शेव चालणार नाही. @भुट्टे_का_कीस, हे तुमच्यासाठी. पाखरांची मूत्रपिंडं मीठ फारसं झेलत नाहीत. इंदूरात लोक प्रेमाने उरलेली शेव, मिक्स्चर, कधी पोहेसुद्धा गच्चीवर टाकतात. टाकू नका.

---

भुट्टे_का_कीस · सोमवार, सकाळी ९:४०

कबूल भिया. रतलामी शेव आजपासून फक्त माझ्या पेषणीत.

---

बजरीगार · सोमवार, दुपारी १२:१८

माझ्याकडे दोन बजरीगार पोपट आहेत. हा धागा वाचून काल पिंजऱ्यात वाटीभर वाळू ठेवली. एक जण सारखा खातोय. चांगलं लक्षण ना?

---

गुरांचा_डॉक्टर · सोमवार, दुपारी १२:२६

आधी वाटी काढा, मग पुढचं वाचा.

पोपटवर्गीय पाखरं चोचीत दाणा सोलून घेतात, टरफल टाकून फक्त गर गिळतात. गराला दगड लागत नाही. पिंजऱ्यातलं, कंटाळलेलं किंवा आजारी पाखरू वाळू खातच सुटलं तर ती पेषणीत साठते आणि रस्ता बुजतो. अशी पाखरं माझ्याकडे शेवटच्या क्षणी आणतात. खडा लागतो तो दाणा अख्खा गिळणाऱ्यांना: कबूतर, होला, मोर, तितर, कोंबडी. चिमणी मधली. ती दाणा सोलतेही आणि तिच्या पेषणीत बारीक कण शेकड्यांनी सापडतातही. पण ती मोकळी आहे, तिला हवा तेवढाच घेते.

तुमच्या जोडीला चुन्यासाठी समुद्रफेस टांगा. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. पाखरू आज मलूल वाटलं, शी थांबली, तर वाट बघू नका, जवळच्या डॉक्टरांकडे न्या.

---

बजरीगार · सोमवार, दुपारी १२:३१

काढली. धन्यवाद. हात थरथरतायत.

---

दादरकर · सोमवार, दुपारी २:४५

कबुतरांचे इतके लाड? आमच्या इथला कबूतरखाना २०२५ मध्ये महापालिकेने ताडपत्री टाकून बंद केला, त्यावरून केवढं रणकंदन झालं. लोकांची फुफ्फुसं गेली तरी यांना दाणे

---

संपादक · सोमवार, दुपारी २:५८

कबूतरखान्याच्या वादासाठी वेगळा धागा आहे, पाचशे प्रतिसाद झालेत, तिकडे जावे. या धाग्याचा आखाडा करू नये.

---

टिबुकली · सोमवार, रात्री ८:३०

पेषणीवरून आठवलं. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या भिंतींत पिंपळ कसा उगवतो? बुलबुल, मैना, कोकीळ पिंपळाची फळं खातात. त्यांची पेषणी नाजूक, खसखशीएवढी बी न दुखावता शिटेतून भिंतीच्या फटीत पडते. पण हरियाल, म्हणजे महाराष्ट्राचा राज्यपक्षी, तीच फळं खाऊन बियांचंही पीठ करतो. एकच झाड, एकच फळ. बुलबुल पिंपळ पेरतो आणि हरियाल दळून टाकतो. माझा हरियाल लाडका असूनही हे कळल्यावर त्याच्याकडे थोडं वेगळ्या नजरेने बघायला लागले.

आंब्यावरच्या बांडगुळाचं तर याहून भारी. फुलटोच्या हा अंगठ्याएवढा पक्षी बांडगुळाची फळं खातो. त्याच्या पोटात कीटक पेषणीत जातात आणि फळ पेषणीला वळसा घालून सरळ आतड्यात. काही मिनिटांत चिकट बी मागून बाहेर. ती इतकी चिकट की फुलटोच्याला फांदीवर बूड घासावं लागतं, आणि बांडगूळ नेमकं तिथेच लागतं. आंबेवाल्यांनी शिव्या कुणाला द्यायच्या ते आता कळलं असेल.

आणि हो, माझं सदस्यनाम उगाच नाही. सिरपूर तलावावर (पाणथळ जागांच्या जागतिक 'रामसर' यादीत २०२२ पासून आहे आपला) हिवाळ्यात मोठी डुबी (टिबुकलीची थोरली भाऊबंद) दिसली तर बघा, ती स्वतःचीच पिसं उपटून खाते आणि पिल्लांनाही भरवते. पोटात पिसांचा बोळा होतो. माशांचे काटे त्यात अडकून विरघळेपर्यंत थांबतात, आतडं फाटत नाही. जिच्याकडे जातं नाही तिने गाळणं लावलं.

---

सातासमुद्रापार · मंगळवार, पहाटे ४:०५

मूळ इंदूरची, आता अमेरिकेत. इथे बदकांच्या शिकारीत शिशाचे छर्रे वापरायचे. ते तळ्याच्या तळाशी पडायचे आणि बदकं त्यांना खडे समजून गिळायची. पेषणीत शिसं घासलं जाऊन रक्तात, आणि बदक मरायचं. १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीला देशभर शिशाचे छर्रे बंद आहेत. खडा निवडण्यात पाखरू फसतं ते असं. लोखंडी छर्र्याने पोट बिघडत नाही.

सराफ्याची आठवण आली. बाकी काही नाही.

---

निमाडकर · मंगळवार, सकाळी १०:१०

आमच्या बाजूची भर. धार जिल्ह्यात बागकडे डायनोसोरची अंडी सापडतात. २०२३ मध्ये जो शोधनिबंध आला त्यात नर्मदेच्या खोऱ्यातली ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली आहेत. पाडल्या गावात लोक असले गोल दगड 'काकड भैरव' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पूजत होते. तर ते अवाढव्य, लांब मानेचे डायनोसोरही खडे गिळून दळायचे असं लहानपणी वाचलं होतं. खरं का?

---

खडू_फळा · मंगळवार, दुपारी ३:३०

मीही तीस वर्षं तेच शिकवलं. मग २००७ मध्ये दोन संशोधकांनी शहामृगांच्या पोटातले खडे मोजले. ते भरले वजनाच्या साधारण एक टक्का. त्या लांबमान्यांच्या सांगाड्यांबरोबर सापडणारे खडे त्या मानाने फारच थोडे, आणि बरेचदा नुसतेच गुळगुळीत, दळून झिजल्यासारखे नाहीत. म्हणजे ते दळत नसावेत, पाला पोटात दिवसचे दिवस आंबवत असावेत. ज्या लहान डायनोसोरांच्या बरगड्यांत खड्यांचा व्यवस्थित ढीग सापडतो त्यांची गोष्ट वेगळी, ते आपल्या चिमणीच्या जवळचे. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर वहीत दुरुस्ती करून घ्या.

---

गुरांचा_डॉक्टर · मंगळवार, संध्याकाळी ६:००

आजी, एक प्रयोग कराल? दोन करवंट्या घ्या. एकीत धुतलेली नर्मदेची वाळू. दुसरीत अंड्याच्या टरफलांचा चुरा, टरफलं आधी उकळून तव्यावर कोरडी भाजलेली. पानाचा चुना मात्र चुकूनही नको, तो दाहक असतो, चोच आणि घसा भाजेल. करवंट्यांच्या जागा रोज अदलाबदल करा, नाहीतर चिमणीला जागा आवडली की माल आवडला ते कळणार नाही. कोण कुठे येतं ते नातीने वहीत मांडायचं.

---

गच्चीवरची_आजी · मंगळवार, संध्याकाळी ६:२५

आमच्या घरात अंडं येत नाही हो! सासूबाई ९१ वर्षांच्या आहेत, त्यांचं सोवळं अजून कडक. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू मुलांकडून टरफलं मागवते. ती आनंदाने देतील, रोज ऑम्लेटचा वास येतोच.

---

गच्चीवरची_आजी · पुढच्या आठवड्यात, बुधवार, सकाळी ८:१५

अहवाल.

सात संध्याकाळी बसलो. नातीने वहीचे दोन भाग केले, काड्या मारल्या. टरफलांच्या करवंटीवर चिमण्यांच्या काड्यांनी अडीच ओळी भरल्या, चिमण्यांच्या नवऱ्यांच्या एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. वाळूवर चिमणे-चिमण्या सारखेच, आणि थोडेच. वाळूचं खरं गिऱ्हाईक निघाला होला. सकाळ-संध्याकाळ येतो, मानेला झटका देत निवडून निवडून खडा उचलतो, बारीक नको असतो त्याला.

भिंतीवरचं टोकरणं कमी झालं, थांबलं नाही. सासूबाईंना सांगावंच लागलं करवंटीत काय आहे. त्या एवढंच म्हणाल्या, "बाळंतिणीला लागेल ते द्यावं, पण तुळशीपासून लांब ठेव."

नातीने शाळेत जाऊन जाहीर केलं आहे की चिमणीचे दात पोटात असतात आणि ते दगडाचे असतात. बाईंनी फोन करून विचारलं, घरी काय शिकवता.

आता अडचण. परवापासून शेजारचं मांजर वाळूच्या करवंटीशी रोज सकाळी येतं. शिकारीला नाही. वाळूचा त्याने जो उपयोग केला तो इथे लिहीत नाही. दोनदा वाळू बदलली, दोन्हीदा तेच. मांजर पोचणार नाही आणि होला पोचेल अशी जागा कुठली?

---

भुट्टे_का_कीस · बुधवार, सकाळी ८:२२

😂😂 मांजराची पेषणी चालू आहे म्हणजे.

---

टिबुकली · बुधवार, सकाळी ८:५०

करवंटी तारेने गॅलरीच्या गजाला बाहेरच्या अंगाने बांधा. होल्याला उतरायला काठ लागतो, म्हणून खाली एक आडवी फळी, वीतभर रुंद, जास्त नको. वाळू मूठभरच ठेवा. मांजराला उकरायला पुरेल एवढी जागा मिळाली नाही की ते दुसरीकडे बघतं.

---

गच्चीवरची_आजी · बुधवार, सकाळी ९:०५

दिरांना सांगते फळी ठोकायला. दहापैकी तीन मिळाल्यापासून घरात नुसते बसून आहेत.